शुक्रवारी काढलेला नकाशा

भिवंडीला कुणी फिरायला जात नाही. मीही फिरायला गेले नव्हते, भांडायला गेले होते. पण आठ दिवस राहिले, पोटभर जेवले, एकदा भलत्याच गावाला पोचले आणि परत निघताना पाय जड झाले, म्हणजे तो प्रवासच झाला. ज्यांना धबधबे आणि सूर्यास्त हवेत त्यांनी हे पान उलटावं, माझी हरकत नाही.

नव्वदीचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि मी पुण्यात नगररचनेत पीएच.डी. करत होते. 'जागतिकीकरण' हा शब्द तेव्हा इतका नवा होता की चर्चासत्रात तो उच्चारण्याआधी लोक घसा साफ करायचे. माझ्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं असं, की या विषयावर लिहायचं तर खाडीपलीकडं पट्टीनं आखून वसवलेल्या नव्या शहरावर लिहावं. मला लिहायचं होतं भिवंडीवर. ज्या गावात रात्रंदिवस कापड निघतं आणि ज्याला कुणी कधी नीट आखलेलंच नाही, ते गाव चालतं तरी कसं, हा माझा प्रश्न होता.

"तिथं नियोजनच नाही, तर तू अभ्यास कशाचा करणार?" सर म्हणाले.

"नाही असं कोण म्हणतं?"

"नकाशा म्हणतो."

नकाशा म्हणजे भिवंडी आणि भोवतालच्या गावांच्या नव्या आराखड्यासाठी एका सरकारी कचेरीनं केलेला जमीनवापराचा नकाशा. पिवळा रंग घरांचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा शेतीचा, आणि जिथं काहीच नाही ती जागा पांढरी. जांभळा रंग त्यात जेमतेम चिमूटभर होता. माझं म्हणणं होतं, भिवंडीत जितके लूम, म्हणजे विजेवरचे माग, आहेत त्या मानानं हा नकाशा खोटा आहे. सरांनी लाल पेन्सिल घेतली आणि त्यावर दहा फुल्या मारल्या. सात गावातल्या गल्ल्यांत, दोन कशेळीला, एक दिघाशीजवळ. "आठ दिवस देतो. या दहा जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये. तीन जरी चुकीच्या निघाल्या तर विषय तुझा. नाहीतर मी सांगतो तो घ्यायचा आणि पुन्हा कुरकुर करायची नाही."

मी नकाशाची गुंडाळी काखेत मारली. वाईला आईला कळवलं, तर तिचं उलट टपाली कार्ड आलं: दंगलीचं गाव ते, एकटी कशाला जातेस. मी त्याला उत्तर पाठवलं नाही.

शुक्रवार

कल्याणला उतरून एस.टी.नं भिवंडीत पोचले तेव्हा अकरा वाजले होते. आमच्या वाईच्या शेजारणीची मामेबहीण कुमुदकाकू इथं राहतात, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान टिपणीसकाका तालुक्याला कारकून होते. तीन पिढ्या याच गावात गेलेल्या. दोन खोल्या, पुढं गॅलरी, आणि बाहेरच्या खोलीत, जिथं लोक वडिलांची तसबीर लावतात तिथं, चौकटीत बसवलेला एक नकाशा. माझ्या काखेत होता तोच.

"पाहणीच्या वेळी मी साहेबांच्या दिमतीला होतो," काका म्हणाले. "आभाराचं पत्र आहे आपल्याकडे. जेवण होऊ दे, मग दाखवतो."

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, घातलेली खिचडी होती. वाईत आमच्या शेजारी मासळी शिजली तर आई आमची खिडकी लावून घेते. काकूंनी मला काही विचारलं नाही, मी त्यांना काही सांगितलं नाही. दोनदा वाढून घेतली.

दुपारी मी एकटीच गल्ल्यांत शिरले. भिवंडी म्हणजे कान फुटतील असं ऐकून होते, पण कुठं काही आवाज नव्हता. जुम्म्याची नमाज आटोपून लोक घराकडं वळले होते. दोऱ्यांवर लुंग्या वाळत होत्या. ओट्यांवर, दारांत, चटयांवर माणसं गाढ झोपलेली, त्यांच्या मागं आत मिट्ट काळोख. कुणी नखं कापत होतं, कुणी मांडीवर पाटी घेऊन गावाकडं पत्र लिहीत होतं. नकाशात पिवळा रंग होता आणि समोर राहती घरं होती. मला जे दिसलं ते मी लिहिलं. सातही फुल्यांपुढं 'पाहिले, बरोबर' अशी खूण करत मी संध्याकाळी परत आले.

त्या दिवशी मला आभाराचं पत्र दाखवण्यात आलं. मी ते वाचलं, घडी घातली आणि काकांना परत दिलं. पुण्याला जाऊन सरांसमोर मान खाली घालायची या विचारानं मला जेवण गेलं नाही.

शनिवार

सकाळी सातला माझी अंथरुणातच धडपड झाली. फडताळातले कप एकमेकांवर वाजत होते. जमीन थरथरत होती. सगळ्या बाजूंनी, भिंतीतून, जमिनीतून, खटाखट खटाखट. काकू शांतपणे कपांखाली फडकं सरकवत होत्या.

"काय झालं?" मी ओरडले.

"लूम सुरू झाले," काकू म्हणाल्या. "चहा घे."

काका वर्तमानपत्रातून डोकं वर काढून हसले. "अग, काल शुक्रवार नव्हता का? कारखान्यांची वीज आमच्याकडे शुक्रवारी बंद असते. सगळा गाव झोपून काढतो. तुला ठाऊक नव्हतं?"

भिवंडीवर पीएच.डी. करायला निघालेल्या बाईला ते ठाऊक नव्हतं. मला इतकी लाज वाटली की चहा तोंडाला लावता येईना. काकांना मात्र गोष्ट आठवली होती.

"त्या साहेबांची पण हीच गंमत. पहिल्यांदा आले ते बुधवारी. टेप धरणारा एका टोकाला, लिहिणारा दुसऱ्या टोकाला. हा आकडे ओरडतोय, त्याला काही ऐकू येत नाही. दुपारपर्यंत साहेबांचं डोकं उठलं. मी म्हटलं, साहेब, तुम्ही असं करा, शुक्रवारी या. आरामात मोजा. मग काय, दर शुक्रवारी आले. दोन महिने. माझ्यामुळे काम वेळेत झालं असं पत्रात लिहिलंय बघ."

मी कप खाली ठेवला. काकांच्या मागं भिंतीवर तो पिवळाधमक नकाशा होता. झोपलेल्या कामगारांना बघून सरकारनं गल्लीच्या गल्ल्या राहती घरं म्हणून रंगवल्या होत्या, आणि काल दुपारी मीही त्याखाली सही केल्यासारखंच होतं.

नाश्ता न करताच निघाले. पहिल्या फुलीच्या दारात काल एक माणूस चटईवर झोपला होता. आज तोच चार लूमच्या मधे उभा होता, कानाच्या पाळीपर्यंत कापसाचा भुसा. मला बघून तो बाहेर आला. इस्माईलभाई, आझमगढकडचा, वीसेक वर्षं इथं.

"कल आप आई थीं न कागज लेके?" तो म्हणाला. "हमारी आँख खुली थी. हम सोचे, बहनजी कुछ पूछेंगी. आप तो लिख के चली गईं."

आत बघू का, विचारलं. त्यानं दार पूर्ण उघडलं. आत बोलायची सोयच नव्हती, पण माणसं बोलत होती. पलीकडच्या टोकाचा विणकर दोन बोटं वर करून मनगट फिरवायचा, इस्माईलभाई मान हलवून अंगठा उलटा करायचा, तिसरा हसायचा. धागा तुटला, बॉबिन संपली, चहा आला, मुकादम आला, सगळं बोटांवर.

"लूम में बोलना नहीं होता, दिखाना होता है," बाहेर येऊन त्यानं सांगितलं. "और रहना भी यहीं है. दिन में हम, रात में दूसरा आदमी. चटाई एक ही है."

दुपारपर्यंत सातही फुल्या चुकीच्या ठरल्या. पैज मी जिंकले होते. खरं तर तेव्हाच कल्याणची गाडी धरायला हरकत नव्हती. पण दहा म्हणजे दहा, असा माझा स्वभाव आहे, आणि काल झालेली फजिती मला डाचत होती.

रविवार, कशेळी

कशेळी खाडीवर आहे. नकाशात हिरवी. समोर भाताच्या खाचरांत मुरमाचे ढीग आणि त्यांवर पत्र्याची नवी गोदामं, ट्रकची रांग पार पुलापर्यंत. एका गोदामाच्या पहारेकऱ्यानं मला सावलीत खुर्ची दिली. आत काय आहे विचारलं तर म्हणाला, "खोकी हायत. परदेशातनं येतात, परदेशात जातात. मधे दोन दिवस आमच्याकडे पाहुनचार." हे सगळं पाहणीनंतरचं आहे, असं सर म्हणतील आणि त्यात तथ्य असेल, म्हणून या दोन फुल्यांपुढं मी प्रश्नचिन्ह ठेवलं. पण पहारेकरी आणखी एक गोष्ट बोलला. आता इथं जागा उरली नाही, मालक लोक वाड्याच्या रस्त्याला, दिघाशीकडं जमिनी बघायला लागलेत.

सोमवार

दिघाशीला जायला गणेशपुरीची एस.टी. धरली. खिडकीत वारा लागला आणि डोळा लागला. जागी झाले ती थेट गणेशपुरीला. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, मी दोनदा हाक मारली. तुम्ही गोऱ्यांबरोबरच्या असाल असं वाटलं." बसमध्ये खरोखरच चार गोरे पाहुणे होते, भगवी उपरणी घेतलेले, आश्रमात निघालेले. त्यांच्यातल्या एका बाईनं मला खुणेनं गरम पाण्याची कुंडं कुठं आहेत विचारलं. मी तिला घेऊन गेले, दोघींनी पाय सोडले, चटका बसल्यावर दोघींनी एकदमच वर घेतले. परतीच्या गाडीला तासभर होता. फाट्यावर भात, पापड आणि कैरीचं लोणचं मिळालं. चर्चासत्रांत ज्या जगाबद्दल आम्ही घसा साफ करून बोलत होतो ते इथं पाय भाजून घेत होतं, याचं मला फार हसू आलं.

परतीच्या गाडीत उभीच राहिले, झोप नको म्हणून. दिघाशीच्या अलीकडं उतरून, विचारत विचारत दहाव्या फुलीपाशी पोचले तेव्हा उन्हं कलली होती.

नकाशात ही जागा पांढरी होती. पांढऱ्यावर तुटक रेघ आणि बारीक अक्षरात 'गोदामांसाठी राखीव'. समोर कारवीच्या कुडाच्या झोपड्यांच्या दोन ओळी. कुडाचं शेण झडलेलं, छपरं काढून गवताचे भारे बाजूला रचलेले, दारांच्या ताट्या दोरीनं बांधून टाकलेल्या. माणूस नाही, चूल नाही, कोंबडं नाही. सोडून दिलेला पाडा. मी वही काढली आणि लिहिलं, 'रिकामा'.

"काय लिवतंस, बाय?"

शेवटच्या झोपडीच्या सावलीत एक म्हातारी दोन शेळ्या घेऊन बसली होती. नाव रामीबाय. पाड्याची राखण तिच्याकडं होती.

"ही घरं रिकामी आहेत, एवढंच लिहितेय," मी म्हटलं.

"रिकामी? कोन बोलला?" ती उठली. मला हाताला धरून तिनं एका झोपडीत नेलं. वर आभाळ दिसत होतं. जमिनीच्या मधोमध एक चपटा दगड, दगडाखाली पालथं सूप. तिनं दोन्ही उचललं. खाली जमिनीत रोवलेलं उखळ, पुसून ठेवलेलं. "हा बघ उखल. मानसां भट्टीवर गेलीत. दिवाली झाली का वीटभट्टीवर जातात, पावसाला आला का येतात. सगली घेऊन जातात, भांडी, कोंबरी, पोरां. उखल न्हाय नेत. उखल झाकून ठेवला म्हंजी घर हाय. मोडलेल्या घराचा उखल उपटून टाकतात."

आम्ही एकेका झोपडीत शिरलो. सतरा झोपड्या, सतरा झाकलेली उखळं. मी 'रिकामा' हा शब्द इतक्या जोरात खोडला की कागद फाटला. चार दिवसांत दुसऱ्यांदा मी तीच चूक केली होती, आणि तीही शहाण्यासारखी वही हातात धरून.

रामीबायनं तांदळाची भाकर आणि लसूण घातलेली सुकटीची चटणी दिली. खाताना मी विचारलं, याआधी कुणी मोजायला आलं होतं का.

"आलते ना. मागल्या साली, माघात. गाडी तिथं उंबराखाली राहिली. साहेब उतरलाच न्हाय, गाडीतनंच बघला. एक कारकून व्हता, काली टोपी. तो आला, माझ्या हातचा पानी पिला, गेला."

काळी टोपी भिवंडीत टिपणीसकाकांच्या खुंटीला होती.

मंगळवार, वीटभट्टी

पाड्यातली माणसं भिवंडीच्या दुसऱ्या अंगाला, खाडीकाठच्या भट्टीवर होती. कच्च्या विटा रचून त्यावर पेंढा टाकलेली खोपटी, आणि साच्यातून पडणाऱ्या विटांच्या रांगा नजर जाईल तिथवर. रामीबायचा मुलगा जैत्या चिखलात मांडीपर्यंत होता. गोदामाचं त्याला काहीच माहीत नव्हतं. मी नकाशा विटांवर पसरला आणि पांढरी जागा दाखवली.

त्यानं बराच वेळ बघितलं. "इथं माझा बा गेला," तो म्हणाला. "इथं कागदावर काहीच न्हाय कसा?"

आराखड्यावर हरकती घेण्याची मुदत येत्या शुक्रवारी संपत होती. सकाळी येताना मी कचेरीच्या फळ्यावर तशी नोटीस वाचली होती, सहा महिने भट्टीवर राहणाऱ्या माणसानं ती कुठं वाचायची हे मात्र त्यात नव्हतं. मी तिथंच अर्ज लिहिला. सतरा घरांचे अंगठे घेतले. कागदावर उमटले ते नुसते काळे ठिपके, एकाही अंगठ्याला रेघ नाही. चिकणमातीनं आणि साच्यानं रेघा पार घासून गेलेल्या.

शुक्रवारी कचेरीत येता येईल का, विचारलं. जैत्या मान हलवत म्हणाला, "एक दीस गेला तं इथनं काढतील. तू जा. आमचा सांग." "सांगते," मी म्हटलं.

संध्याकाळी मी काकांसमोर बसले. इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, "दिघाशीच्या पाड्यावर तुम्ही एका बाईच्या हातचं पाणी प्यालात. मग जागा रिकामी कशी?"

काकांचा चेहरा उतरला. "साहेबांनी विचारलं, घरं दिसतायत का. छपरं नव्हती. मी म्हटलं, नाही."

"आणि पाणी?"

"पाणी प्यालो," काका म्हणाले. मग एकदम चिडले. "हे बघ वसुधा, नकाशा साहेबांनी काढला. निवृत्त माणसाला यात ओढू नकोस." ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्या दिवशी जेवताना काकू फक्त माझ्याशी बोलल्या.

गुरुवार

एस.टी.डी. बूथमधून सरांना फोन लावला. सात फुल्यांचं ऐकून सर मनापासून खूश झाले. "शाब्बास. विषय तुझा. शुक्रवारच्या पाहणीवर एक अख्खं प्रकरण होईल. परत ये."

मी हरकतीच्या अर्जाचं सांगितलं. अर्जदारांच्या वतीनं सही माझी असणार होती.

सरांचा सूर बदलला. "हे करू नकोस. पाड्याबद्दल प्रबंधात लिही, कडक शब्दांत लिही, मी एक ओळ कापणार नाही. पण अर्जावर सही केलीस की तू पक्षकार झालीस. उद्या परीक्षक म्हणतील, हिचा निष्कर्ष आधीच ठरलेला होता."

"सर, प्रबंध व्हायला तीन वर्षं लागतील. मुदत उद्या संपतेय."

"मग तुला दुसरा मार्गदर्शक शोधावा लागेल. मी गंमत करत नाहीये."

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी जे पाहिलं ते मला तीन वर्षं वहीत झाकून ठेवायचं नव्हतं. आणि दोन दिवसांपूर्वी अर्ज लिहिताना मी जैत्याला शब्द दिला होता. सरांपेक्षा त्याचा माझ्यावर जास्त हक्क होता.

"शोधते, सर," मी म्हटलं आणि फोन ठेवला. बाहेर आल्यावर रडू आलं. बूथवाल्यानं न विचारता पाण्याचा ग्लास पुढं केला.

पुन्हा शुक्रवार

गावात लूम बंद, आणि कचेरीत पंख्याचा आवाज. आवक टेबलावरच्या माणसानं अर्ज वरखाली करून बघितला.

"तुमचा काय संबंध? जमीन तुमची आहे?"

"नाही."

"मग? आणि हे काय, अंगठे आहेत की शाईचे डाग? यात रेघाच नाहीत."

"वीट पाडणाऱ्यांचे अंगठे आहेत. रेघा विटांवर गेल्या," मी म्हटलं. "तुम्ही शिक्का मारा. खरं-खोटं सुनावणीत ठरेल."

"असे अर्ज घेता येत नाहीत, बाई."

"घेता येतात," मागून आवाज आला. टिपणीसकाका दारात उभे होते. काळी टोपी, इस्त्रीचा सदरा, हातात फुलस्केप कागद. "हरकत आवकला घ्यावीच लागते. नाकारायची असेल तर कारण लेखी द्यायचं. मी एवढी वर्षं त्या खुर्चीवर काढलीत." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "आणि हे माझं निवेदन. त्याच अर्जाला जोडा."

मी ते तिथंच उभ्यानं वाचलं. पाहणी शुक्रवारी झाली, वार त्यांनी सुचवला. पाडा भट्टीवर होता, घरं बंद होती, पण पाड्यात वस्ती आहे हे त्यांना माहीत होतं. खाली पूर्ण सही. अक्षर छापल्यासारखं, कुठंही खाडाखोड नाही.

माणसानं शिक्का मारला. मी अर्जावर सही केली, आणि 'संबंध' लिहायच्या ओळीवर लिहिलं: मी तिथं जेवले आहे.

घरी येताना काका एवढंच म्हणाले, "तुझी काकू तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्याचा पण यात हात आहे."

श्रावणातला सोमवार

मी पुण्याला परतले. सरांनी शब्द पाळला, मीही पाळला. दुसरे मार्गदर्शक मिळेपर्यंत पाच महिने माझं नाव कुणाच्याच यादीत नव्हतं. मग सुनावणीचं पत्र आलं: प्रत्यक्ष फेरपाहणी होईल, अर्जदारांनी हजर राहावं. काकांनी कचेरीत खेटे घालून दोन गोष्टी मंजूर करून घेतल्या होत्या. पाहणी पावसाळ्यात, आणि कामाच्या दिवशी.

नवे अधिकारी तरुण होते, गाडीतून उतरणारे होते. पण गल्लीत शिरताच त्यांनी कानांवर हात ठेवले. टेपवाला आत गेला, ओरडला, लिहिणारा बाहेरून मान हलवत राहिला. दहा मिनिटांत साहेब घामाघूम.

"अशानं होणार नाही," ते गल्लीत येऊन म्हणाले. "आपण हे शुक्रवारी करू."

काका पुढं झाले आणि चक्क दारात आडवे उभे राहिले. "शुक्रवारी नाही, साहेब. शुक्रवारी एकदा मीच आणलं होतं. आज मोजायचं."

"अहो, पण ऐकू कसं येणार?"

इस्माईलभाई लूमपाशी उभा राहून हे बघत होता. त्याला शब्द ऐकू जात नव्हते, पण काय चाललंय ते समजायला शब्द लागत नव्हते. त्यानं टेपवाल्याच्या खांद्यावरून वाकून आकडा वाचला, हात वर केला आणि बोटं दाखवली. मधल्या विणकरानं ती तशीच पुढं दाखवली. दारातल्यानं लिहिणाऱ्याला. लिहिणाऱ्यानं लिहिलं. मग पुढचा आकडा. लूम एकदाही थांबले नाहीत. एका दुपारी त्यांनी सहा गल्ल्या मोजल्या, आणि साहेब शेवटी स्वतःच बोटांनी विचारू लागले.

"पहले भी हो जाता," बाहेर चहा पिताना इस्माईलभाई म्हणाला. "कोई पूछता तो."

दुसऱ्या दिवशी पाडा. सतरा छपरांवर नवं गवत, सतरा चुलींचा धूर, आणि उखळांत मुसळं पडत होती. रामीबायनं साहेबांना पाणी दिलं. साहेब पाणी पिऊन होईपर्यंत ती समोर उभी राहिली आणि मग म्हणाली, "आता लिव."

आराखडा पुन्हा छापला तेव्हा गल्ल्या जांभळ्या झाल्या होत्या, सगळ्या नाही, पण बऱ्याच. पाड्याच्या जागी नखाएवढा पिवळा ठिपका आला आणि गोदामांची तुटक रेघ त्याला वळसा घालून गेली. गोदामं यायची ती आलीच, आज पाड्याच्या तीन बाजूंना आहेत. पाडा मधे आहे.

माझ्या प्रबंधातल्या प्रत्येक नकाशाखाली पाहणीचा वार आणि महिना लिहिलेला आहे. परीक्षकांनी तो काढायला सांगितला, असं कुठं लिहीत नाहीत म्हणाले. मी काढला नाही. पदवी एक वर्ष उशिरा मिळाली.

पदवीचे पेढे द्यायला भिवंडीला गेले तेव्हा काकांकडं तोच जुना नकाशा त्याच खिळ्याला होता. मला वाटलं, म्हाताऱ्याची हौस जात नाही. जवळ गेले तर चौकट उघडून पुन्हा बसवल्यासारखी दिसत होती, आणि खालच्या कोपऱ्यात काकांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'ही पाहणी शुक्रवारी व माघ महिन्यात केली. वार मी सुचविला. दिघाशीच्या पाड्यात रामीबाई यांचे घरी पाणी प्यालो व तेथे घर नाही असे सांगितले. द. वि. टिपणीस.'

"किती वेळा सांगितलं, काढा आता तो," काकू आतून म्हणाल्या. "येईल तो वाचतो."

"वाचू दे," काका म्हणाले. "त्याच्यासाठीच लावलाय."